माणखारची पश्चिम बाजू

११ नोव्हेंबर १९९६, सोमवार

माणखार स्टेशन मला मिळालं. राजवर्धन सरांनी केबिनमध्ये बोलावलं, नकाशाची गुंडाळी हातात दिली आणि म्हणाले, "उत्कर्षा, हे तू कर. मी वरवर बघेन." वाशीच्या या ऑफिसात आल्यापासून मी दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने काढत आले. आता एक अख्खं स्टेशन.

बेलापूरहून पनवेलकडे निघालेल्या नव्या लाईनवरचं हे लहानसं स्टेशन. रूळ मातीच्या उंच भरावावर, दोन्ही अंगांना प्लॅटफॉर्म. गावातून आलेला माणूस पूर्वेकडून आत शिरणार, तिकीट काढणार, वळणाच्या जिन्याने सबवेत उतरणार आणि तिथून वर प्लॅटफॉर्मवर. पूर्वेला तिकीटखिडक्या, दुकानांचे गाळे, रिक्षांचा थांबा. पश्चिमेला भिंत. पलीकडे नुसती मिठागरं आणि खाडी, तिकडे कोण जाणार?

नेरूळला खोलीवर आल्यावर उज्वलाला सांगितलं. ती बँकेत आहे, ही खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली आहे. ती लगेच खाली जाऊन जिलबी घेऊन आली. आईला फोन करायचा होता, पण बूथवर रांग होती. परत आले.

१४ नोव्हेंबर

साइटवर गेले. भराव जवळजवळ पूर्ण होत आलाय. जिथे आपलं स्टेशन यायचं तिथे मात्र मध्ये एक खिंड सोडली आहे, आणि गावातले लोक तिच्यातून ये-जा करताना दिसले.

नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला होता तेव्हा एक म्हातारे गृहस्थ येऊन शेजारी उभे राहिले. सदू घरत. सगळे त्यांना सदूबाबा म्हणतात. पूर्वी त्यांचं मिठागर होतं. त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, "बाय, यान आमचा गाव कुठं हाय?"

मी दाखवलं.

"आनि मसनवटा?"

तो नकाशात नव्हताच. मी तसं सांगितलं. त्यांनी खिंडीतून पलीकडे बोट दाखवलं. मिठागरांच्या बांधापलीकडे, खाडीच्या काठी, पत्र्याचं एक छप्पर दिसत होतं.

"यो खिंड भरला का आमी जायाचं कुठून?"

मी म्हटलं, हायवेच्या पुलावरून रस्ता आहे की.  ते म्हणाले, "मानूस खांद्यावर घेऊन?"

२ डिसेंबर

ड्रॉइंगं चालू आहेत. पश्चिमेची भिंत काढून तिथे तोंड ठेवलं तर सबवे आरपार होईल, असं आज सरांना सुचवलं. ते म्हणाले, आपण स्टेशन करतोय, स्मशानाचा रस्ता नाही. गावाला वेगळा पूल हवा तर तो रेल्वेकडे मागू दे.

सरांचंही खरं आहे. सबवे आरपार केला की तिकीट न काढता येणारे-जाणारे वाढणार, त्यांच्यासाठी वेगळा पट्टा ठेवावा लागणार. साइटवरून आल्यावर मी तो विषय सोडून दिला होता, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा तीच भिंत डोळ्यांपुढे येते. का ते कळत नाही. मला ना ते गाव ठाऊक, ना ती माणसं.

९ डिसेंबर

आईचा फोन घरमालकांकडे आला होता. बाबांचं वर्षश्राद्ध जानेवारीत आहे, चार दिवस आधी ये, म्हणाली. मी म्हटलं जमणार नाही, त्याच महिन्यात ड्रॉइंगं द्यायची आहेत. ती म्हणाली, "बरं बाई, काम असेल तर काय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सरांकडे पुन्हा पश्चिमेचा विषय काढला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्या वाटेनं तू स्वतः गेली आहेस का?"

"नाही सर."

"मग जाऊन ये. न पाहिलेल्या वाटेवर माझ्याशी भांडू नकोस."

१५ डिसेंबर, रविवार

आज गेले. सदूबाबा आणि त्यांचा मुलगा अंकुश बरोबर होते. अंकुश न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे आहे, सुट्टी म्हणून घरी होता.

निघताना सदूबाबांची बायको बायजाबाई दारात आली आणि मला म्हणाली, "तू नको जाव गो तिकडं. बायांची जागा नाय ती."

"आज तिथं कोन हाय का जलत?" सदूबाबा म्हणाले. "मापा घ्यायची हात तिला."

खिंडीपाशी थांबून त्यांनी सांगितलं की गावातल्या बायका इथपर्यंत येतात आणि इथून मागे फिरतात. आम्ही पुढे गेलो. बांधावरची वाट दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन, त्यांतले बरेच आता सोडून दिलेले, गवत माजलेले. सदूबाबा वाटेत तीनदा थांबले. प्रत्येक वेळी कुशीवर हात ठेवून एखाद्या खाचराकडे बघत राहायचे आणि ते कुणाचं होतं ते सांगायचे. गावाच्या आठवणी त्यांना फार. त्यामुळे परतायला उशीर झाला.

स्मशान म्हणजे सिमेंटचा एक ओटा, चार लोखंडी खांब, वर पत्रा. मागे तिवरांची झाडं. मी ओट्याची मापं घेतली. ती कशाला लागणार होती कोण जाणे. अंकुशने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं बाया जातात का मसनात?"

मी नाही म्हटलं. या जानेवारीत माझे बाबा गेले तेव्हा मी मुंबईहून गावी पोचले, आणि तासाभरातच त्यांना उचललं. मी पायरी उतरायला लागले तर काकूंनी दंड धरला. बायकांनी उंबऱ्यापर्यंतच. रीतच आहे ती, त्यात कुणाचा काय दोष? मी आत जाऊन आईजवळ बसले. हे सगळं अंकुशला सांगितलं नाही. इथे तरी कशाला लिहिते आहे?

२१ डिसेंबर

सरांनी पश्चिमेचं तोंड मान्य केलं. मी वाटेबद्दल सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. जिना मात्र पूर्वी होता तसाच, मध्ये चौक आणि तिथून उलटं वळण. सरळ उतार करायला जागा नाही, कारण तिथे गाळे आहेत.

सदूबाबांना निरोप धाडला होता, ते अंकुशबरोबर वाशीच्या ऑफिसात आले. परळला जाऊन येत होते. तिकडे त्यांची बहीण असते म्हणाले. बहिणीकडे फार जाणं-येणं आहे त्यांचं, गेल्या आठवड्यातही गेले होते. मी जिना दाखवला. त्यांनी चौकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितं तिरडी वलंल?"

मी म्हटलं वळेल. म्हटलं खरं, पण मला माहीत नव्हतं.

"कवा होईल ह्ये सगला?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत."

ते हसले. "दिवाली लांब हाय."

या लोकांना सगळं उद्याच्या उद्या हवं असतं.

१९ जानेवारी १९९७, रविवार

काल बाबांचं वर्षश्राद्ध झालं. मी गेले नाही. त्याऐवजी आज माणखारला गेले.

जिन्याचा प्रश्न मनातून जाईना, म्हणून खिंडीशेजारच्या मोकळ्या जागेवर मी चुन्याच्या फक्कीने जिन्याची रेघ आखली. खरी लांबी, खरी रुंदी, मधला चौक. अंकुशला बांबू आणायला सांगितले होते. बांबूंची तिरडी बांधतात तशीच गावच्या मुलांनी ती बांधली आणि वर काय ठेवायचं यावर बोलणं चाललं. कुणी म्हणालं वाळूची पोती ठेवू.

"पोती कशाला?" सदूबाबा म्हणाले. "मीच निजतो."

पोरं हसली. बाबांनी चपला काढल्या आणि सरळ जाऊन आडवे झाले. बायजाबाई बायकांमध्ये उभी होती, ती तिथून तडक निघून गेली. जाताना एवढंच बोलली, "जित्या मानसाला असा निजवत नाय."

चौघांनी उचललं. "बाबा, हलका झालास रं," एक जण म्हणाला. फक्कीच्या रेघेतून ते जिना उतरल्यासारखे सावकाश चालत आले. चौकात पुढचे दोघे वळले आणि अडले. मागचे अजून वरच्या टप्प्यात. बांबूचं टोक रेघेबाहेर जायला लागलं, म्हणजे भिंतीत. त्यांनी एक बाजू वर उचलून बघितली. तिरडी कलती झाली, बाबा घसरायला लागले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला. आता कुणी हसत नव्हतं.

खाली उतरल्यावर ते उठून बसले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी जिता हाय म्हनून धरला गो. मेलेला कसा धरंल?"

२४ जानेवारी

सरांना झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसतील. ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले, आणि ट्रेसिंग पेपर ओढून स्वतः पेन्सिल हातात घेतली. तिकीटखिडक्या बाजूच्या भिंतीत सरकवल्या, मधला चौक खोडून टाकला आणि पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एक सरळ उतार काढला.

"तीन गाळे जातील," ते म्हणाले. "क्लायंट माझं डोकं खाईल."

"मी बोलेन मीटिंगमध्ये."

"तू नको. तू रडशील."

मी कशाला रडेन? मला राग आला. मग त्यांनी विचारलं, "उत्कर्षा, तुला हे एवढं का लागलंय?"

मी म्हटलं, "रुंदीचा प्रश्न आहे सर."

११ फेब्रुवारी

मंजूर झालं. मीटिंगमध्ये सरच बोलले. गाळे कमी होण्यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी सरांनी उताराचा नकाशा टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले की या गावच्या जमिनीवर आपण स्टेशन बांधतोय, त्यांना त्यांच्या माणसांना आडवं, सरळ नेता आलं पाहिजे. 

मीटिंगमधून मी थेट माणखारला गेले. सदूबाबा ओटीवर गोधडी पांघरून बसले होते. या दिवसांत कसली आलीय थंडी. मी बातमी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि बायजाबाईला चहा ठेवायला सांगितला. त्यांना आनंद झाला की नाही कळलंच नाही. त्या वेळी बायजाबाई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी निघाले तेव्हा मात्र सुक्या बोंबलांची पुडी हातात दिली.

३० मे

रुळांखालचा सबवे बांधून झाला, खिंड भरली. वरून खडीच्या गाड्या जायला लागल्या. पश्चिमेचा उतार आणि त्यावरचं छप्पर पावसाळ्यानंतर. तोवर गावाने हायवेवरूनच जायचं. एका म्हातारीला परवा टेम्पोतून नेलं, असं अंकुश म्हणाला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? "हायेत," म्हणाला.

१९ ऑगस्ट

सदूबाबा पावसातसुद्धा काम बघायला येतात असं ऐकलं. कंत्राटदाराचा माणूस हैराण झाला आहे. खुर्ची आणून बसतात म्हणे, आणि उताराची भिंत कधी उभी करणार ते विचारतात. मी म्हटलं, बसू द्या त्यांना.

आज साइटवर दिसले तेव्हा शर्ट त्यांच्या अंगात लोंबत होता. म्हातारपणी माणसं वाळतातच.

२५ ऑक्टोबर

पश्चिमेचं छप्पर ओतलं. अख्ख्या उतारात टेकूंचं रान आहे, एका माणसालासुद्धा अंग चोरून जावं लागतं. काँक्रीट पुरतं धरेपर्यंत टेकू काढता येणार नाहीत. सदूबाबा आज आले नव्हते. दिवाळीची साफसफाई असेल घरी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ऑफिसात अंकुशचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. कुठे गेले, असं मी विचारलं. मग तो सांगत होता आणि मी रिसीव्हर धरून उभी होते. पोटाचा कॅन्सर. गेल्या वर्षीपासून. परळला बहीण वगैरे कुणी नव्हतं, तिथल्या हॉस्पिटलात जायचे. "तुम्हाला सांगू नको म्हनले. पोरगी घाई करंल आनि काम कच्चा होईल, असं म्हनले."

सर बाहेर होते. मी एकटीच रिक्षा करून माणखारला गेले.

गावात तिरडी बांधून तयार होती आणि माणसं खोळंबली होती. कंत्राटदाराचा इंजिनिअर उताराच्या तोंडाशी हात आडवा धरून उभा होता. मॅडम, टेकू काढले तर छप्पर येईल खाली. तो बरोबर बोलत होता. मीच त्याला तसं लेखी दिलं होतं. टेम्पोही आला होता, पण बायजाबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्याला गाडीन घालू नको," एवढंच ती अंकुशला म्हणाली.

मी वर चढले. भरावावर रेल्वेचे सुपरवायझर मधुकर साळवी खडीची गाडी पुढेमागे करवत होते. मी सांगितलं, गाडी थांबवा, रुळांवरून अंत्ययात्रा जाईल.

"लेखी कुणाचं आहे?"

"माझं घ्या."

"तुम्ही आर्किटेक्ट. तुमचं लेखी चालत नाही मॅडम."

ते खरंच होतं. तेवढ्यात भरावाच्या पायथ्याशी माणसं दिसायला लागली. साळवींनी वाकून खाली बघितलं. पुढे मडकं धरलेला अंकुश, मागे तिरडी. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं, लाल झेंडा उघडला आणि रुळांमध्ये जाऊन उभे राहिले. "लेखीचं राहू द्या," म्हणाले.

मजुरांनी फावड्यांनी भरावात पायऱ्या पाडून दिल्या. तिरडी वर आली. पुढच्यांनी हात खाली केले, मागच्यांनी डोक्याच्या वर उचलले, आणि सदूबाबा आडवे, सरळ, अजिबात न कलंडता चढले. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या उतारावरून पुढे, रूळ ओलांडून पलीकडे, आणि खाली.

बायका मागोमाग वर आल्या होत्या. एक म्हातारा वळून म्हणाला, "बायांनी आता हितंच."

बायजाबाई थांबली. पश्चिमेच्या प्लॅटफॉर्मवर अजून फरशी बसलेली नाही, नुसतं खडबडीत काँक्रीट आहे. त्याच्या कडेला ती उभी राहिली, मग खाली बसली. बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. मीही बसले. तिथून सगळं दिसत होतं. बांधावरून जाणारी माणसांची रांग, मिठागरांचे चौकोन, तिवरं, पत्र्याचं छप्पर. माणसं पोचली. तिरडी खाली ठेवली. फार वेळ काही झालं नाही, मग धूर वर आला.

कुणी मोठ्याने रडलं नाही. बायजाबाई समोर बघत माझ्याशी बोलायला लागली. "माजी सासू गेली, माजी दोन लेकरां गेली. त्यांना कुठं नेऊन ठेवतात ते मना कदी दिसलं नाय. भिंतीकडं तोंड करून बसाचं नि मानसा परत यायची वाट बघाची. आज बघतंय."

 प्लॅटफॉर्मची उंची मी रुळांच्या हिशोबाने ठेवली होती. यातलं काहीसुद्धा माझ्या मनात नव्हतं.

धूर कमी होईपर्यंत आम्ही तिथे बसलो. साळवींनी गाडी सुरू केली नाही.

संध्याकाळी बूथवरून आईला फोन लावला.  ती विचारत राहिली, काय झालं गं, बरं आहे ना? शेवटी मी म्हटलं, "बाबांना कुठे नेलं होतं? मला ती जागा बघायची आहे." 

आई म्हणाली, "ये."

९ नोव्हेंबर, रविवार

गावी आले आहे.

सकाळी आई लुगडं बदलून तयारच होती. नदीकडे निघालो तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, पण कुणी अडवलं नाही. घाटापर्यंत आई पुढे होती. मग तिची पावलं हळू झाली. डावीकडे बाभळी होत्या, उजवीकडे वाळूचा पट्टा. ती दोन्हीकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "कुठे गं?"

"मला तरी कुठं ठाऊक आहे?" आई म्हणाली. "मी कधी आले होते इकडं?"

एकतीस वर्षं ज्या माणसाबरोबर ती राहिली, त्याची ती जागा तिलाही माहीत नव्हती. जवळजवळ दोन वर्षं मला वाटत होतं की ती फक्त मलाच माहीत नाही, तिला तरी माहीत असेल. आम्ही दोघी घाटाच्या पायरीवर एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

परत जाऊन हौसेरावकाकांना बोलावून आणलं. बाबांना खांदा दिलेल्यांपैकी ते एक. त्यांनी काठी घेतली आणि ते पुढे झाले. आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. बाभळी संपल्यावर ते थांबले आणि काठीने दाखवलं. काळवंडलेले चार दगड, मध्ये गवत उगवलेलं. उदयसिंह नावाचे माझे बाबा होते असं सांगणारं तिथे काहीही नव्हतं.

आई खाली बसली आणि गवतावर हात ठेवला. मी तिच्या शेजारी बसले. बराच वेळ झाला, पण काका चला म्हणाले नाहीत.